कागदांविना मिळालेली १९७९ ची येझदी: नोंदणीची खटपट आणि त्यानंतरचे आठ महिने

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या नावाचे नोंदणी प्रमाणपत्र टपालाने घरी आले. तेव्हापासून आठ महिने मी ही १९७९ ची येझदी २५० मोटारसायकल आठवड्यातून तीन-चार दिवस चालवत आहे. त्याआधीचे जवळजवळ दहा महिने गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती आणि मी फाइल काखोटीला मारून फिरत होतो. त्यामुळे पुढील मजकुरात गाडीपेक्षा कागदांचा अनुभव अधिक आहे. इंजिन बांधून देणारे मिस्त्री अजूनही सापडतात; कागद बांधून देणारा प्रामाणिक माणूस सापडणे अवघड आहे.

गाडी एका दिवंगत शिक्षकांची. त्यांना सारे गाव गुरुजी म्हणत असे, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांच्या धाकट्या मुलाने वाड्याच्या पडवीत लाकडे रचली होती, त्या ढिगामागे ती उभी होती. आरसी बुक, जुन्या लोकांच्या भाषेत टीसी बुक, पुरात भिजून गेलेले. कराची पावती नाही, विक्रीचे बिल नाही. किंमत ठरली अठरा हजार. मी दोन हजार विसार दिला आणि उरलेली रक्कम नोंदणीचा माग लागल्यावर देण्याचे साध्या कागदावर लिहून घेतले. संपूर्ण व्यवहारात मी शहाणपणाने केलेली ही पहिली, आणि बहुधा एकमेव, गोष्ट.

‘कागद नाहीत’ या एका शब्दप्रयोगाखाली दोन अगदी निराळ्या परिस्थिती झाकल्या जातात, हे मला पहिल्या महिन्यात कळले. पहिलीत गाडीची नोंदणी झालेली असते, सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो आणि मालकाजवळचे पुस्तक तेवढे हरवलेले असते. दुसरीत क्रमांकच ठाऊक नसतो, किंवा पाटीवरचा क्रमांक दुसऱ्याच गाडीचा निघतो. पहिल्या परिस्थितीत रस्ता लांब असला तरी सरळ आहे. दुसऱ्या परिस्थितीत, गाडी पोलिसांच्या किंवा सरकारी लिलावातून घेतलेली नसेल, तर सामान्य माणसाला रस्ता जवळजवळ नाहीच, कारण नोंदणीच्या अर्जासोबत गाडी आपल्याकडे कोणत्या हक्काने आली हे दाखवावे लागते आणि ‘पडवीत सापडली’ हा हक्क होत नाही. लिलावातल्या गाडीसाठी नमुना ३२ (ठरावीक सरकारी अर्ज) आहे. पडवीतल्या गाडीसाठी कोणताही नमुना नाही.

माझे नशीब असे की गुरुजींनी कागद जपून ठेवण्याची सवय नोकरीबरोबर सोडली नव्हती. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत १९९४ सालच्या विम्याची कव्हर नोट (विम्याचा तात्पुरता दाखला) निघाली आणि तिच्यावर नोंदणी क्रमांक, चासी (गाडीच्या सांगाड्याचा) क्रमांक व इंजिन क्रमांक असे तिन्ही स्वच्छ अक्षरांत होते. मोटार वाहन अधिनियम १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या गाड्यांना आजच्यासारखे ‘एमएच’ आणि जिल्ह्याचे आकडे नसत, तर ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत. माझा क्रमांक त्याच जुन्या धाटणीचा आहे. स्टिअरिंगच्या मानेवरचा रंग रॉकेलच्या बोळ्याने हलक्या हाताने काढून पाहिले, तेव्हा तेथील आकडे कव्हर नोटेशी जुळले. रंग काढताना कानस किंवा ग्राइंडर कदापि वापरू नये. त्या जागी ओरखडे दिसले की परिवहन कार्यालयाच्या (आरटीओ) निरीक्षकाचा संशय जागा होतो, आणि तो रास्तच असतो.

आता हा क्रमांक कोणत्या परिवहन कार्यालयाच्या दप्तरात आहे, हा प्रश्न. जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांतील बऱ्याच गाड्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत आलेल्याच नाहीत, त्यामुळे मोबाइलवर क्रमांक टाकल्यास ‘नोंद आढळली नाही’ एवढेच उत्तर येते. अनेक जण येथेच आशा सोडतात; सोडू नये. त्यात १९८१-८२ या काळात राज्यात नवे जिल्हे झाले (रत्नागिरीतून सिंधुदुर्ग, उस्मानाबादेतून लातूर, औरंगाबादेतून जालना), तेव्हा त्यापूर्वीची गाडी आज ज्या जिल्ह्यात राहते त्याच जिल्ह्याच्या दप्तरात तिची नोंद असेल असे नाही. माझ्या बाबतीत जवळच्या कार्यालयाने जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, तेथून परत जवळच्या कार्यालयात पाठवण्यात आले, आणि या टोलवाटोलवीत दोन महिने गेले. अखेर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. त्यात मालकाचे नाव मागितले नाही, कारण खासगी माहिती म्हणून ते नाकारले गेले असते. अमुक मालिकेच्या अमुक क्रमांकांची नोंदवही आपल्या अभिलेखात आहे का, एवढेच विचारले. तीस दिवसांच्या मुदतीच्या आतच ‘आहे’ असे उत्तर आले. पुढच्या खेपेला ते पत्र टेबलावर ठेवल्यावर नोंदवही कपाटातून खाली आली. पिवळ्या पडलेल्या पानावर गुरुजींचे नाव, गावाचे नाव, गाडीचा रंग आणि कर भरल्याच्या नोंदी होत्या. त्या दिवशी मी उरलेले सोळा हजार दिले.

याच सुमारास राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सुविधेवरून गाडी चोरीची नसल्याची खातरजमाही करून घेतली. माझे मत असे की हे काम विसार देण्याच्याही आधी करावे.

खरा वेळ लागला तो वारसांपायी. पुस्तक हरवले आहे म्हणून त्याची दुय्यम प्रत मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाचा असतो, आणि मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. कायद्याप्रमाणे वारसाने मृत्यूनंतर तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा असतो. गुरुजींना जाऊन अकरा वर्षे झाली होती. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची ना-हरकत असा संच लागला. थोरले चिरंजीव मस्कतला असल्याने त्यांची ना-हरकत तेथील भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यायला सात आठवडे लागले. मधल्या बहिणीने मात्र सही करण्यापूर्वी एकच अट घातली, की गाडीचा नंबर बदलायचा नाही. मी तसाही बदलणार नव्हतो.

क्रम नीट लक्षात ठेवला तर फेऱ्या वाचतात. प्रथम हस्तलिखित नोंद संगणकात चढवून घेणे, ज्याला कार्यालयात ‘बॅकलॉग’ म्हणतात. मग वारसाच्या नावावर हस्तांतरण. पुस्तक हरवल्याच्या पोलीस दाखल्यासह नमुना २६ मध्ये दुय्यम प्रत. नमुना २५ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण. आणि शेवटी नमुना २९ व ३० ने माझ्या नावावर. बॅकलॉग हा या साखळीतील कळीचा दुवा आहे. प्रणालीत गाडी नसेल तर विमा कंपनीला ती दिसत नाही, पीयूसी (धुराच्या प्रदूषणाची तपासणी) केंद्राच्या संगणकालाही दिसत नाही, आणि विमा व पीयूसी नसेल तर नूतनीकरणाची तपासणी होत नाही. हे चक्र बॅकलॉगच्या नोंदीनेच फुटते. ती नोंद चढताना शेजारी उभे राहून प्रत्येक अक्षर वाचून पाहावे. मी ते केले नाही, आणि त्याचे फळ शेवटी सांगतो.

तपासणीत गाडी पहिल्यांदा नापास झाली. सहा व्होल्टच्या बॅटरीवर हॉर्न घसा बसल्यासारखा वाजत होता आणि मागचा ब्रेक दाबल्यावर दिवा लागत नव्हता. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. निरीक्षकांनी चासी क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीने ठसा उठवला, नोंदवहीच्या उताऱ्याशी ताडून पाहिला आणि आठवड्याने पुन्हा यायला सांगितले. पीयूसीलाही एक खेप वाया गेली होती. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळाव्या लागणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाला बऱ्यापैकी सैल. तरी माझ्या मिस्त्रीने इंजिन नवे बांधले म्हणून पेट्रोलमध्ये हात सैल सोडून ऑइल ओतले होते, आणि केंद्रातील मुलगा धुरातच दिसेनासा झाला. लिटरला चाळीस मिलिलिटर हे प्रमाण मोजून घातल्यावर गाडी पास झाली.

खर्चाचे आकडे थोडक्यात. हस्तांतरणाला प्रत्येक वेळी १५० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये, नूतनीकरणाचे तेव्हा १,००० रुपये आणि पंधरा वर्षांवरील दुचाकीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर तेव्हा २,००० रुपये. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील दुचाकीच्या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क २,००० रुपये झाले आहे, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी धरून चालावे. या सर्वांपेक्षा मोठा आकडा विलंबाच्या दंडाचा निघाला. महिन्याला ३०० रुपये हा दर ऐकायला किरकोळ वाटतो, पण नोंदणीची मुदत संपून वर्षे लोटलेली असतात. म्हणून गाडीचा भाव ठरवण्यापूर्वीच मुदत कधी संपली ते पाहून हिशेब मांडावा आणि तो विक्रेत्यासमोर ठेवावा. मी तो नंतर मांडला आणि एकट्यानेच भरला.

काही जण विचारतात की इतकी जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून का नोंदवली नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली असावी लागतात. माझ्या गाडीची तेवढी झालेली नाहीत. शिवाय नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, अर्जाला जुने नोंदणी प्रमाणपत्र लागतेच, आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मला भाजी आणायची होती.

मधल्या कंटाळवाण्या महिन्यांत एका एजंटाने ‘पेपर बसवून देतो’ असा प्रस्ताव ठेवला होता. त्याचा अर्थ भंगारात गेलेल्या दुसऱ्या येझदीचे जिवंत पुस्तक आणायचे आणि तिचे आकडे माझ्या गाडीवर ठोकायचे. दर पंधरा हजार, मुदत आठ दिवस. माझ्या दहा महिन्यांसमोर आठ दिवस मोहक होते, हे कबूल करतो. परंतु ही सरळ सरळ बनावटगिरी आहे. अपघात झालाच तर विमा कंपनीचा सर्वेक्षक सर्वांत आधी तेच आकडे पाहतो. ज्या गाडीचे चासी आकडे वेड्यावाकड्या ओळीत किंवा निरनिराळ्या जाडीचे दिसतील, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आता आठ महिन्यांच्या वापराविषयी. कागद असलेल्या गाडीवर बसण्याचा पहिला फायदा असा की चौकातले पोलीस पाहून छाती धडधडत नाही. विनानोंदणी गाडी चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे आणि विम्याविना दोन हजार. मला दोनदा अडवले. दोन्ही वेळा डिजिलॉकरमधील प्रमाणपत्र चालले, आणि एकदा तर किकचाच दांडा आत ढकलून पुढे वळवला की गिअरचा होतो, हे दाखवण्यात कागद तपासण्यापेक्षा अधिक वेळ गेला. केवळ तृतीय पक्षाचा विमा १,३६६ रुपये आणि त्यावर वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे १,६१२ रुपयांत मिळाला.

गैरसोय जाणवते ती संकेतस्थळांवर. बहुतेक अर्जांच्या रकान्याला ‘एमएच’, दोन आकडे, अक्षरे आणि चार आकडे एवढाच साचा ठाऊक असल्याने माझा तीन अक्षरी क्रमांक ‘अवैध’ ठरतो. विमा शेवटी शाखेत बसून काढला. उच्च सुरक्षा पाटीची नोंदणीही चौथ्या प्रयत्नात झाली. तेथे चासी व इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे मागतात आणि माझ्या क्रमांकातील आडवी रेघ त्या रकान्याला पचत नव्हती. पाटीचे ५३१ रुपये पडले. मागची पाटी व्यवस्थित बसली, पुढची मात्र मडगार्डच्या गोलाईवर टेकत नाही, म्हणून वेल्डरकडून पट्टी करून घ्यावी लागली आणि तिचा नट दर दोनशे-तीनशे किलोमीटरला आवळावा लागतो. पीयूसी दर सहा महिन्यांनी करावी लागते.

गाडीबद्दल एवढेच सांगतो, की ती लिटरला अठ्ठावीसच्या आसपास देते, रात्री सहा व्होल्टच्या दिव्यावर महामार्गाला जाण्यासारखी नाही, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तिचा जो आवाज येतो त्याच्यासाठी मी ही खटपट पुन्हा करीन. मात्र अट तीच राहील: नंबर ठाऊक हवा, चासीचे आकडे शाबूत हवेत आणि वारस एकमेकांशी बोलणारे हवेत.

राहिलेले एक काम बॅकलॉगच्या दिवशीच्या माझ्या आळसाचे. नोंदवहीत रंग ‘मरून’ आहे, गाडीही मरून आहे, पण स्मार्ट कार्डावर ‘ब्लॅक’ छापून आले आहे. आतापर्यंत कोणी हरकत घेतली नाही. तरीही नोंदवहीच्या उताऱ्याची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज केला आहे. त्याची पोच मिळाली, कार्ड अजून आलेले नाही.