पक्षाघाताचा झटका: पहिला स्कॅन सीटी की एमआरआय?

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं. रुग्णाला कॅज्युअल्टीत आणलं, की नातेवाईक हमखास विचारतात, "सीटी कशाला? सरळ एमआरआयच करा ना, त्यात जास्त दिसतं." जास्त दिसतं हे खरंच. पण पहिल्या तासात डॉक्टरांना आधी एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: मेंदूत रक्तस्राव झालाय का? रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन जिवावर बेततं.

हे उत्तर साधा सीटी काही मिनिटांत देतो. ताजं रक्त त्यात पांढरंशुभ्र दिसतं. रुग्ण तळमळत असला, पेसमेकर असला, आधी कुठली शस्त्रक्रिया झालीय हे कुणाला ठाऊक नसलं, तरी एमआरआयसारखं अडत नाही. किरणोत्सर्गाची भीती बरेच जण बोलून दाखवतात. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) लागतात, म्हणजे वर्षभरात निसर्गातून आपल्याला मिळतात जवळपास तेवढेच. अशा वेळी त्यापायी थांबू नये.

सीटीची खरी कसोटी लागते ती गुठळीच्या झटक्यात. रक्त न मिळालेल्या पेशी फुगतात, त्यांच्यात पाणी शिरतं, आणि मेंदूच्या राखाडी व पांढऱ्या भागांतली सीमारेषा पुसट होते. हा बदल सुरुवातीला इतका सूक्ष्म असतो की सरावलेली नजरच तो टिपते. कधी अडकलेली गुठळीच पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. हे वाचन प्रत्येकाच्या अंदाजावर राहू नये म्हणून कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी 'ॲस्पेक्ट्स' ही गुणपद्धत काढली. ती २००० साली प्रसिद्ध झाली. मेंदूच्या मधल्या धमनीच्या क्षेत्राचे दहा भाग पाडायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागामागे एक गुण वजा करायचा. दहा म्हणजे सुरुवातीची हानी दिसत नाही. तारेने गुठळी ओढून काढण्याची प्रक्रिया पूर्वी बहुधा सहा किंवा जास्त गुण असतील तरच करत. २०२२-२३ मधल्या चाचण्यांनी तीन ते पाच गुणांच्या रुग्णांनाही फायदा होतो असं दाखवलं. कमी गुण ऐकून आशा सोडू नका, असं मी म्हणतो ते यामुळे.

आणि सीटी 'नॉर्मल' आला म्हणून हायसं वाटून घरीही जाऊ नका. पहिल्या दोन-तीन तासांत गुठळीच्या झटक्यातही सीटी नॉर्मल दिसू शकतो. लक्षणं खरी असतील तर झटका खराच आहे, आणि स्वच्छ सीटी म्हणजे वाचवता येईल असा मेंदू अजून शिल्लक असण्याची शक्यता.

एमआरआयचा डिफ्यूजन भाग, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या प्रतिमा, मात्र ही हानी मिनिटांत उजळून दाखवतो. त्या बाबतीत सीटी त्याच्या जवळपासही नाही. दोन प्रसंगी मी एमआरआयचा आग्रह धरेन. एक, रुग्ण झोपेतून उठला तेव्हाच हात लुळा होता, झटका कधी आला कुणालाच माहीत नाही. डिफ्यूजनमध्ये डाग आहे पण फ्लेअरमध्ये, म्हणजे एमआरआयच्याच ज्या प्रतिमांत तो उशिरा दिसतो त्यांत, अजून उमटला नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला असतो. दुसरा प्रसंग चक्कर, तोल जाणं, दुहेरी दिसणं यांचा. तिथे मेंदूचा मागचा भाग संशयित असतो आणि जाड हाडांमुळे सीटीत तो नीट दिसत नाही. छोटा झटका तिथे पहिल्या दिवशी एमआरआयलाही कधीकधी चुकतो, हेही लक्षात असू द्या.

या दोघांच्या मधला रस्ता म्हणजे त्याच टेबलावर डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं द्रव्य) देऊन केलेली सीटी अँजिओग्राफी. गुठळी मोठ्या धमनीत आहे का, हे तिच्यातून कळतं. सहा तास उलटले असतील तर परफ्यूजन सीटी, म्हणजे मेंदूत कुठे किती रक्त पोहोचतंय हे दाखवणारा सीटी, मेलेला भाग आणि तगून असलेला भाग वेगळा दाखवतो. त्याच्या आधारे निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत गुठळी काढता येते. किडनीचा जुना आजार नसेल तर डाय देण्याआधी क्रिएटिनिनच्या (किडनीचं काम तपासणाऱ्या रक्तचाचणीच्या) रिपोर्टसाठी अडून बसायची गरज नसते.

म्हणून रात्री दोन वाजता निवड करायची वेळ आली, तर एमआरआय मशीन असलेल्या लांबच्या ठिकाणापेक्षा चोवीस तास सीटी आणि इंजेक्शन देणारी टीम असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. निघण्याआधी फोन करा, आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या.