बिचिर घ्यायला गेलो तर दुकानदारच म्हणला कमी घ्या : संभाजीनगरातल्या एका मासेवाल्याचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव टाकत नाही, उगं जाहिरात केल्यासारखं वाटतं, पण शहरात मोठे मासे पाळणाऱ्यांना बरोबर कळंल कोणतं ते. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते शेवटी सांगतो.

बिचिर म्हणजे टँकच्या तळाला फिरणारा मांसाहारी मासा. आपल्याकडं बहुतेक दुकानात बिचिर म्हणलं की डायनासोर फिश एवढीच पाटी अन चार इंचाचं पिल्लू. जात कोणती, केवढं होणार असं विचारलं तर "होतंय की भाऊ मोठं", बस. इथल्या दुकानदार मामांनी मात्र पिल्लू काचेच्या बरणीत घेतलं, बाजूनी धरलं अन म्हणले जबडा बघा. खालचा जबडा पुढं आलेला असंल तर एंडलिचेरी, लाप्राडे त्या खानदानातला, हे दोन फुटाच्या घरात जाणारे, चार फुटी टँकवाल्यानी नादी लागायचं नाही. वरचा जबडा पुढं असंल तर सेनेगल, डेलहेझी, पाल्मास, हे घरच्या टँकमधे साधारण फूट-सव्वा फुटावर थांबतात. पण त्यातबी ऑर्नाटिपिनिस फसवतो म्हणले, जबडा वरचा अन लांबी दोन फूट, अंगावरची नक्षी बघून लोकं उचलतात आन मग वर्षादोन वर्षानी "घेता का परत" म्हणून फोन करायलेत.

माझा टँक चार बाय दीड बाय दीड फूट. मनात पाच बिचिर होते, दोन सेनेगल, एक अल्बिनो, एक डेलहेझी, एक पाल्मास. मामांनी टँकच्या लिटरचं विचारलंच नाही, पहिला सवाल काय तर "तुमच्याकडं नळ किती दिवसाला येतो?" आता जायकवाडी भरलं तरी आपल्या नळाला गॅप असतोच, उन्हाळ्यात तर टँकरच, त्यामुळं हा सवाल मला लई पटला. हिशोब त्यांनी बिलाच्या मागंच मांडला. टँक काठोकाठ 255 लिटर, वर तीन-चार इंच मोकळी सोडायची म्हणजे 200-210 धरा, आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे 70 लिटर, म्हणजे चार बादल्या, अन तेबी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. एवढं पाणी मे महिन्यात काढू शकता का? मासे तेवढेच घ्या. तीन दिले, सेनेगल, डेलहेझी अन पाल्मास, तिन्ही सारख्याच मापाचे, टेप लावून. माप सारखं पाहिजेच, कारण बिचिरच्या तोंडात जे मावतं ते पोटात जातं, मग तो भाऊबंद का असंना.

मी म्हणलं मामा हा तर फुफ्फुसानी श्वास घेतो, वर येऊन हवा गिळतो, लाइट गेली तरी तगतो, मग दोन जास्त टाकले तर काय बिघडतंय. तर म्हणले हवा तो वरून घेईल पण घाण तर खालीच करतो ना, अमोनिया काय फुफ्फुसानी कमी होतो का. बिचिर आहे मांसाहारी, कोळंबी, बोनलेस माशाचे तुकडे, खाली बसणारे पेलेट (गोळ्यांचं खाद्य), आन जेवढं प्रोटीन जास्त तेवढी पाण्याची वाट. बरं, तो तग धरून राहतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं बरंय, तोवर सोबतचे मासे वर येऊन तोंड उघडायले असतात.

सोबत्यांचं पण नीट सांगितलं. गप्पी, टेट्रा म्हणजे रात्रीचं जेवण. सकर नको, तो बिचिरच्या अंगाला चिकटून चिकटा खरवडतो. फ्लॉवरहॉर्न नको, मारकुटा. सिल्व्हर डॉलर चालतात, चांगल्या मापाचे अन थोडेच, ते वर-मधे फिरतात अन बिचिर तळाला, त्यामुळं जागेवरून भांडण नाही. जिवंत फीडर मासे (मोठ्या माशांना खाऊ घालायचे बारके मासे) ते विकतातच, पण मला दिले नाहीत, रोग आणतात म्हणले. धंदा सोडून बोलणारा माणूस आजकाल कुठं भेटतोय.

घरी रात्री लाइट बंद केल्यावर बघायची मजा आहे. डोळ्यानी याला फारसं दिसत नाही, नाकावरच्या दोन बारक्या नळ्यांनी वास काढत येतो, पेलेटवरून चक्क पुढं निघून जातो, थबकतो, आन मागं सरकून गटकन उचलतो. पाठीवरचे छोटे छोटे पर तेव्हा करवतीच्या दात्यांसारखे उभे राहतात.

आता अर्धा स्टार. बिचिर उडी मारण्यात अन फटीतून निसटण्यात एक नंबर, तरी मापाचं झाकण त्यांच्याकडं मिळत नाही, "काचवाल्याकडून कापून घ्या" म्हणतात, अन फिल्टरच्या पाइपाची खाच सोडायची कशी ते सांगत नाहीत. मी खाच ठेवून तिथं स्पंज कोंबलाय, हवेला जागा राहते अन मासा निघत नाही. रेट दुसऱ्यापेक्षा थोडे जास्तच आहेत. रविवारी जाऊ नका, लई गर्दी असते, मामांना बोलायला टाइम नसतो अन पोरगा नुसतं पिशवीत भरून देतो.