नैरोबी नॅशनल पार्कची अर्ध्या दिवसाची सफारी: जिराफ बघायचे असतील तर

अर्ध्या दिवसाची सफारी घेतली की बहुतेक ड्रायव्हर सिंहाच्या मागे लागतात. वाटेत जिराफांचा कळप लागला तर दोन मिनिटं थांबायचं, फोटो काढायचे, की चला पुढे. पैसे वाया जातात ते इथेच. सिंह दिसेलच याची खात्री कुणी देत नाही, पण मसाई जिराफ इथे सहसा चुकत नाही. त्यामुळे गाडी ठरवतानाच बोलून घ्या: जिराफ दिसले की इंजिन बंद आणि निदान अर्धा तास मुक्काम. जो ड्रायव्हर याला कुरकुर करेल, तो बदला.

हे केनियातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९४६चं. क्षेत्रफळ ११७ चौरस किलोमीटर, तीन बाजूंना कुंपण, दक्षिणेची बाजू मोकळी. मागे शहराच्या इमारती दिसतात म्हणून काहींना हे प्राणिसंग्रहालय वाटतं. तसं नाही, जनावरं मोकळ्या बाजूने बाहेरच्या माळावर ये-जा करतात. जवळच्या लांगाटाच्या जिराफ सेंटरमध्ये उंच ओट्यावरून हाताने खाऊ घालता येतो. मुलांना तिथे जरूर न्या, जीभ जवळून बघायला मिळते. पण तिथले जिराफ न्युबियन. त्यांच्या गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय असतात. उद्यानातल्या मसाई जिराफाचे ठिपके फाटक्या कडांच्या पानांसारखे, आणि ते थेट खुरापर्यंत उतरतात.

आता त्या अर्ध्या तासात काय बघायचं. आधी डोक्याकडे. मादीच्या शिंगांच्या टोकांवर केसांचे काळे झुपके असतात. नराची टोकं टकली असतात, कारण मान फिरवून एकमेकांवर हाणताना केस झिजतात. लांबून ओळखायचं तर खाण्याची ढब बघा: नर मान ताणून वरचा पाला ओढतो, मादी बरेचदा मान वाकवून खालच्या झुडपांवर असते.

उद्यानाच्या माळावर शीळ घालणारी बाभूळ भरपूर आहे. तिच्या काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी असतात, त्यांत मुंग्या राहतात, आणि गाठींच्या भोकांतून वारा गेला की शीळ वाजते. जिराफ साधारण ४५ सेंटीमीटर लांबीची जांभळट-काळी जीभ काट्यांमधून घालून पाला ओरबाडतो. मुंग्या चवताळून बाहेर पडल्या की पुढच्या झुडपाकडे सरकतो. हे दुर्बिणीतून बघण्यासारखं आहे. ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते, त्याहून जास्त शक्तीची हलत्या गाडीत हातात स्थिर राहत नाही.

खाणं थांबवून जिराफ नुसताच उभा दिसला तर कंटाळून निघू नका, मानेवर नजर ठेवा. रवंथाचा गोळा कातडीखालून सरसर वर चढताना स्पष्ट दिसतो. मग चावणं, गिळणं, क्षणभर थांबणं, आणि पुन्हा नवा गोळा. एवढ्या लांब मानेत मणके मात्र आपल्याइतकेच, सात.

पाणी पिताना दिसला तर नशीब. पाल्यातूनच बरंच पाणी मिळत असल्याने तो रोज पाणवठ्यावर येत नाही. आला की आधी बराच वेळ आजूबाजूचा अंदाज घेतो, मग पुढचे पाय फाकवून मान खाली घालतो. त्याचा रक्तदाब आपल्या जवळपास दुप्पट. मान खाली गेल्यावर मेंदूकडे रक्ताचा लोंढा जाऊ नये म्हणून मानेच्या शिरांत झडपा आणि मेंदूच्या बुडाशी बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. या अवस्थेत झटकन पळता येत नाही, म्हणून अशा वेळी गाडी पुढे रेटणं हा शुद्ध गाढवपणा.

एरवीही तीस-चाळीस मीटर अंतर ठेवा. चावणं थांबलं आणि सगळ्यांचे कान तुमच्याकडे वळले, तर गाडी फार जवळ आली आहे. सगळे तुमच्याऐवजी एकाच झुडपाकडे टक लावून असतील तर मात्र तिकडे बघा, कदाचित सिंह फुकटात मिळेल. एकटी मादी एकाच जागी घुटमळत असेल तर गवतात पिल्लू लपलेलं असू शकतं. पंधरा महिन्यांच्या गाभणकाळानंतर ते जन्मतः सहा फुटांच्या आसपास असतं, तरी सुरुवातीचे दिवस बसूनच काढतं.

गेट सकाळी सहाला उघडतं, तेव्हाच आत शिरा. उद्यान दीड हजार मीटरहून उंचावर आहे, जून ते ऑगस्टमध्ये स्वेटर लागतोच. प्रवेश शुल्क ऑनलाइन भरून जा, गेटवर रोख चालत नाही. पाण्याची प्लास्टिकची बाटली आत नेता येत नाही, स्टीलची न्या. मार्च ते मे टाळा: जमीन आपल्या काळ्या रेगुरासारखीच आहे, पावसात चिकटून चाकं रुतवते, आणि साध्या टूर व्हॅनचं तिथे काही चालत नाही. त्या दिवसांत जायचंच असेल तर फोर बाय फोरचाच आग्रह धरा. खाली उतरायला फक्त ठरलेल्या जागांवरच परवानगी आहे, स्वच्छतागृहाचा हिशेबही त्यानुसारच करा.

फोटोसाठी २०० मिलिमीटरची लेन्स बास, आणि कॅमेरा उभा धरा. आडव्या चौकटीत एक तर पाय कापले जातात, नाहीतर शिंगं.

भारतातून जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस सरकारमान्य केंद्रावर घ्यावी. लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टसोबतच ठेवा, परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात.