फोटोंचे क्रमांक सलग ठेवायचे, दर कार्डाला नव्याने सुरू करायचे, की कॉम्प्युटरवर नावंच बदलायची?

नवा कॅमेरा घेताना लेन्स, कार्ड, बॅग सगळ्याची चौकशी होते. फाइल नंबरिंगचा मेनू मात्र बहुतेक जण उघडतही नाहीत. तो पहिल्याच दिवशी उघडावा, असं माझं ठाम मत आहे. वर्षभराने हार्डडिस्कवर एकाच नावाचे चार वेगवेगळे फोटो निघाले की ते निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो.

आधी मर्यादा समजून घ्या. जवळजवळ सगळे कॅमेरे डीसीएफ या १९९८ सालच्या जपानी नियमावलीप्रमाणे नावं देतात. कार्डावर डीसीआयएम नावाचा फोल्डर, त्यात १०० ते ९९९ क्रमांकांचे फोल्डर, आणि फाइलच्या नावात चार अक्षरं व चार आकडे. कॅननची अक्षरं आयएमजी, निकॉनची डीएससी (दोन्हींत चौथी जागा खालच्या रेघेची), फुजीची डीएससीएफ. आकड्यांना जागा मात्र सगळीकडे चारच. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. बर्स्ट (एका दमात सलग अनेक फोटो) लावून शिवडीचे फ्लेमिंगो टिपणाऱ्याला किंवा लग्नाची कामं घेणाऱ्याला ९९९९ गाठायला एक मोसम पुरतो.

या चौकटीत कॅमेरा दोन पर्याय देतो. सलग क्रमांक म्हणजे कार्ड बदललं किंवा फॉरमॅट केलं तरी कॅमेरा शेवटचा आकडा लक्षात ठेवतो आणि पुढून मोजतो. कॅनन आणि फुजी याला ‘कंटिन्युअस’ म्हणतात, सोनी ‘सिरीज’, आणि निकॉनमध्ये ‘फाइल नंबर सिक्वेन्स’ हा पर्याय ‘ऑन’ करावा लागतो. निकॉनच्या काही नवशिक्यांसाठीच्या मॉडेल्समध्ये तो बंदच येतो, म्हणून मुद्दाम तपासा. दुसरा पर्याय दर कार्डाला ०००१ पासून सुरुवात करण्याचा. कॅननचा ‘ऑटो रीसेट’, सोनीचा ‘रीसेट’, फुजीचा ‘रिन्यू’, निकॉनचा ‘ऑफ’.

रीसेट दिसायला फार नीटनेटका वाटतो. आज किती फोटो काढले ते आकड्यावरूनच कळतं. धोका घरी आल्यावर समोर येतो. दादरच्या हॉलवरचं लग्न आटोपून रात्री उशिरा दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवायला घेतली, तर दोन्हींत ०००१ पासूनच्याच फाइली. विंडोज विचारतं, आधीच्या बदलू का? झोपेच्या भरात ‘रिप्लेस’वर बोट गेलं की पहिल्या कार्डातली हळद गेली. त्यानंतर ते कार्ड फॉरमॅट केलं असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या नादी लागावं लागतं, आणि त्यातून परत मिळालेल्या फाइलींना बहुधा मूळ नावही नसतं.

अल्बमच्या निवडीत तर रीसेट फारच छळतो. नवरीची आई फोनवर सांगते, ‘तेवीसशे एक्केचाळीस घ्या, अठरा नंबर घ्या.’ अठरा नंबर कुठला? हळदीचा, लग्नाचा की रिसेप्शनचा? दोन फोटोग्राफर असतील तर गोंधळ दुप्पट. त्यात व्हॉट्सअ‍ॅपची भर. नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याचं नाव टाकून देतं आणि समोरच्याच्या अँड्रॉइड फोनमध्ये तारीख, ‘डब्ल्यूए’ आणि स्वतःचा क्रमांक घालून तो साठवतं. त्यातली एक्झिफ माहितीही (तारीख, वेळ, कॅमेऱ्याची सेटिंग्ज) निघून जाते. म्हणून निवडीचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाव शाबूत राहतं. किंवा लहान आकाराच्या प्रतींवर क्रमांक छापूनच पाठवा.

तरीही रीसेट योग्य ठरेल अशी कामं आहेत. सोसायटीच्या गळतीची पाहणी, विम्याच्या दाव्यासाठी गाडीचे फोटो, दातांच्या दवाखान्यातल्या नोंदी. इथे एक काम म्हणजे एक फोल्डर, आणि १ ते ६० क्रमांक थेट अहवालात जातात. कॅननवाल्यांना यासाठी ‘मॅन्युअल रीसेट’ अधिक सोयीचा पडतो. तो तुम्ही सांगाल तेव्हाच नवा फोल्डर उघडतो आणि त्यात ०००१ पासून मोजतो. एकाच कार्डावर सकाळची इमारत आणि दुपारची इमारत वेगळी राहते.

बाकी सगळ्यांसाठी सलग. त्यालाही एक खोड आहे. कार्डावर आधीच मोठ्या आकड्याची फाइल असेल तर कॅमेरा बहुधा तिच्या पुढून मोजू लागतो. मित्राचं त्याच कंपनीच्या कॅमेऱ्यातलं भरलेलं कार्ड घातलं की तुमचा आकडा अचानक हजारोंनी उडी मारतो. उसनं कार्ड आधी, अर्थात त्यातले फोटो उतरवून घेतल्यावर, आपल्या कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं आणि मगच वापरायचं.

सलग क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा फिरतोच, म्हणून तो एकटा पुरत नाही. इथे तिसरा मार्ग कामाला येतो: फोटो कॉम्प्युटरवर उतरवतानाच नाव बदलणं. लाइटरूम, फोटो मेकॅनिक, फुकटातलं डिजीकॅम किंवा एक्झिफटूल, सगळ्यांना हे जमतं. मी सुचवेन ती रचना अशी: वर्ष-महिना-दिवस, मग वेळ, आणि शेवटी कॅमेऱ्याचा मूळ चार आकडी क्रमांक. उदाहरणार्थ २०२५-०९-०६_१८३२४५_०४१२ (खऱ्या नावात आकडे इंग्रजी ठेवा). वर्ष पुढे असल्यामुळे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. शेवटचा आकडा काढून टाकायचा मोह टाळा. बर्स्टमध्ये एकाच सेकंदात आठ-दहा फोटो निघतात आणि नुसती वेळ घातली तर नावं एकमेकांवर आदळतात. गिरगाव चौपाटीवरचं विसर्जन मध्यरात्र ओलांडून सकाळपर्यंत चालतं, तेव्हा तारखेचे फोल्डर दोन होतात. त्या रात्रीला एकच फोल्डर हाताने करून द्या, नावांतला क्रम बिघडत नाही.

नाव एकदाच बदला, आणि एडिटिंगच्या आधी. लाइटरूममध्ये घेतलेल्या फाइलीचं नाव नंतर बाहेरून बदललं की त्याच्या कॅटलॉगला (फोटोंच्या यादीला) ती सापडत नाही. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग दोन्ही काढत असाल तर जोडीचं नाव एकसारखं राहतंय ना, ते पाहा.

या पद्धतीचा सगळा भार कॅमेऱ्याच्या घड्याळावर आहे. दोन कॅमेरे असतील तर काम सुरू करण्याआधी दोन्हींची घड्याळं एकाच मोबाइलवर पाहून जुळवा. शिवाय मॉडेलमध्ये सोय असेल तर फाइलच्या नावातली सुरुवातीची अक्षरं दोन्हींना वेगळी द्या. निकॉनच्या अनेक, सोनीच्या नव्या आणि कॅननच्या वरच्या मॉडेल्समध्ये ही सोय आहे. दोघांचे फोटो एका फोल्डरमध्ये आले तरी कुणाचा कुठला ते नावावरूनच कळतं. रंगांच्या सेटिंगमध्ये एक कॅमेरा एसआरजीबीवर आणि दुसरा अ‍ॅडोबी आरजीबीवर असेल तर दुसऱ्याच्या नावांना सुरुवातीला खालची रेघ लागते आणि ते वेगळे जाऊन बसतात. सेटिंग एकच ठेवलेलं बरं.

थोडक्यात निवड: पक्षी, प्रवास, घरचे कार्यक्रम असतील तर कॅमेऱ्यात सलग आणि उतरवताना नाव बदलणं. लग्नाचं काम असेल तर हेच, वर प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी अक्षरं. अहवालाचं काम असेल तर रीसेट. नाव बदलण्याचा कंटाळा येणार हे आधीच ठाऊक असेल, तर किमान सलग ठेवा आणि दर कार्डाला तारखेचा वेगळा फोल्डर करा.

मुंबईतल्या बोरा बाजारात जुना कॅमेरा पाहायला जाणार असाल तर फाइलचा क्रमांक पाहून वापर किती झाला ते ठरवू नका. तो रीसेट करता येतो आणि ९९९९ नंतर फिरतोही. निकॉनचा कॅमेरा असेल तर दुकानातच एक फोटो काढून तो एक्झिफटूलने उघडा, शटर काउंट (शटर किती वेळा उघडलं तो आकडा) त्यातच नोंदलेला असतो.