किशोर गटाचा कबड्डी संघ: सगळ्यांची चाचणी की जुन्यांना थेट जागा?

संघात बारा जण, मैदानात सात. दरवर्षी मंडळात हाच वाद: गेल्या वर्षीच्या मुलांनीही निवड चाचणी द्यायची, की त्यांना ठेवून फक्त रिकाम्या जागा भरायच्या?

जुन्यांना थेट घेण्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा म्हणजे बचाव. कोपरारक्षकाने, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभ्या खेळाडूने, चढाईपटूचा पाय धरला आणि शेजारच्याची साखळी (हात धरून दिलेली साथ) क्षणभर उशिरा आली, तर गुण गेलाच. ही जोडी वर्षभराच्या सरावाने जमते. दोन तासांच्या चाचणीत ती दिसतही नाही. तिथे चमकतो तो चढाईपटू. सात चढाईपटू घेऊन सामने जिंकता येत नाहीत!

सगळ्यांची चाचणी घेतली तर नव्या पोराला खरी संधी मिळते आणि 'आपलं नाव पक्कं' म्हणून सरावाला दांडी मारणारेही ताळ्यावर येतात. शिवाय किशोर गटाला वयाची १६ वर्षांची आणि वजनाची ५५ किलोची मर्यादा आहे. या वयात मुलं झपाट्याने वाढतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा हुकमी खेळाडू यंदा काट्यावरच बाद होऊ शकतो. पालकांची कुरबुरही कमी होते, थांबत मात्र नाही.

माझं मत चाचणीच्या बाजूने आहे, पण ती आठवडाभर चालावी आणि त्यात जुन्या कोपरा-जोड्या एकत्रच खेळवाव्यात. वगळलेल्या जुन्या मुलाला प्रशिक्षकाने समोर बसवून कारण सांगावं. फलकावरची यादी वाचून त्याला ते कळू नये.