डोंगरासाठी स्नोमोबाइल: ६००, साधं ८५० की टर्बो?

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर पट्ट्याने (ट्रॅकने) चालणारी गाडी; ६०० आणि ८५० हे तिच्या इंजिनाचे सीसी, आणि टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारी यंत्रणा. माहितीपत्रकातला हॉर्सपॉवरचा (एचपी) आकडा समुद्रसपाटीचा असतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. स्की-डू कंपनीच्या समिट या डोंगरी मॉडेलमधलं १६५ एचपीचं रोटॅक्स ८५० इंजिन ६,५०० फुटांवर १३० एचपीच्या आसपास येतं आणि १०,००० फुटांवर ११५ वर. १२५ एचपीचं ६०० तिथे नव्वदीही गाठत नाही. म्हणून इंजिन निवडण्याआधी आपण कोणत्या डोंगरात फिरणार, ते ठरवा.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकच्या बाजूला फिरणार असाल, तर बराचसा वेळ ५ ते ७ हजार फुटांत जातो. तिथे साधं ८५० पुरून उरतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मात्र रॅबिट इअर्स पास या खिंडीचा रस्ताच ९,४२६ फुटांवर आहे, वायोमिंगमधला टोगोटी पास ९,६५८ फुटांवर. गाडी ट्रेलरवरून उतरवण्याआधीच पावाहून जास्त ताकद गेलेली असते. तिथे टर्बोचे पैसे वसूल होतात. स्की-डूच्या २०२० च्या पहिल्या कंपनी-फिटेड टू-स्ट्रोक टर्बोचा दावा ८,००० फुटांपर्यंत १६५ एचपी टिकवण्याचा होता. २०२३ च्या टर्बो आरमध्ये आकडा १८० झाला. प्रतिस्पर्धी पोलारिस कंपनीचा टर्बो, पॅट्रियट बूस्ट, २०२२ चा, पण पोलारिस एचपी जाहीर करत नाही. त्यामुळे कागदावर दोघांची तुलना करत बसू नका, दोन्ही चालवून पाहा.

६०० घेतल्यावर पैसे वाचतात, वजन फारसं नाही. सांगाडा, ट्रॅक, सस्पेन्शन जवळपास तेच असल्यामुळे फरक थोड्याच किलोंचा पडतो. चालवणारा हलका असेल, नवखा असेल आणि ६,००० फुटांखालीच राहणार असेल तर ६०० योग्य. फोर-स्ट्रोक टर्बो (वरची सगळी इंजिनं टू-स्ट्रोक) लांबच्या आखलेल्या वाटांवर छान चालतं, पण खोल भुसभुशीत बर्फात ते नाकापेक्षा मोती जड.

वजनाच्या आकड्यातही मेख आहे. कंपन्या 'ड्राय' वजन छापतात. १५४ इंची ट्रॅकच्या ८५० चं ते २०० किलोंच्या आसपास असतं. त्यात ३६ लिटरची टाकी भरली की पेट्रोलचेच २७ किलो, शिवाय ऑइल, कूलंट आणि पायपट्ट्यांवर व ट्रॅक झाकणाऱ्या पत्र्याच्या पोकळीत, म्हणजे 'बोगद्यात', गोठून बसलेला बर्फ. त्यापुढे टर्बोचे दहाएक किलो किरकोळ वाटतील, पण ते पुढच्या बाजूला बसतात. उतारावर गाडी एका कडेवर आडवी धरून नेताना ते हाताला कळतात. बॅटरीवाल्या इलेक्ट्रिक स्टार्टचं वजन टाळायचं असेल तर स्की-डूची 'शॉट' यंत्रणा बघा. पहिल्यांदा दोरी ओढायची, नंतर थोड्या वेळासाठी थांबलात तर कपॅसिटरवर इंजिन बटणाने चालू होतं. खोल बर्फात रुतून बसल्यावर याची किंमत कळते.

टर्बो म्हणजे बिघाड, असं सरसकट म्हणता येत नाही. कंपनीने बसवलेल्या टर्बोत इंधन, हवा आणि इग्निशनचं गणित एकत्र जुळवलेलं असतं. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत ते बसवणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून राहतं. मिश्रण पातळ झालं किंवा कमी ऑक्टेनचं पेट्रोल पडलं, की डेटोनेशन, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट, होऊन पिस्टन जळतो. कंपनीच्या टर्बोलाही (अमेरिकी मापाचं) ९१ ऑक्टेनच घाला.

बहुतेक गाड्या मात्र साध्याच कारणांनी बंद पडतात. थंड इंजिनला पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि इंजिन सीझ होतं. आधी कूलंट ४० अंशांच्या आसपास येऊ द्या. उलट बाजूने, टणक गोठलेल्या वाटेवर बोगद्यातल्या कूलरवर बर्फ उडत नाही आणि तापमान चढत जातं. त्यासाठी स्क्रॅचर, म्हणजे वाटेवरचा बर्फ खरवडून कूलरवर उडवणाऱ्या तारा, खाली सोडा. ओल्या ताज्या बर्फात हवेच्या जाळ्या बुजतात, गाडी गुदमरते आणि लोक क्लचला दोष देत बसतात. आधी जाळ्या झटका.

ताकद वाढली की ताण इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या क्लचच्या बेल्टवर येतो. नवा बेल्ट पहिले ५० किलोमीटर सांभाळून चालवा. क्लचचं अलाइनमेंट हंगामाआधी तपासा आणि एक जादा बेल्ट कायम सोबत ठेवा. चढावर पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ठरलेल्या आकड्यापेक्षा २००-३०० ने कमी दिसत असेल, तर त्या उंचीसाठी क्लचची वजनं जड आहेत. हलकी बसवली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

जुनी घेताना दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. १० टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर सौदा सोडा. आकडे जुळले तरी एक्झॉस्ट काढून पोर्टमधून पिस्टनच्या भिंतीवर बॅटरीचा झोत टाका. उभे ओरखडे दिसले तर किमतीत इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच बोला. विकणारा एक्झॉस्ट काढायला नाही म्हणत असेल, तर दुसरी गाडी बघायला जा.