एजंट म्हणाला, ‘इमिग्रेशनला फिरायला चाललोय म्हणून सांग’, तर तिथूनच मागे फिरा

परदेशात नोकरी लावून देणारा माणूस विमानतळावर खोटं बोलायला सांगत असेल, तर पुढे नोकरी नाही. पुढचं कुणी वाचो न वाचो, एवढं पोहोचावं म्हणून हे आधी लिहितोय.

जाहिरात टेलिग्रामवर आली होती. बँकॉकमध्ये ‘डिजिटल सेल्स’, राहणं-जेवण कंपनीचं, इंग्रजी टायपिंग येणारा पदवीधर हवा. एजंट आमच्याच तालुक्यातला, मामांच्या ओळखीचा. त्याने आधी दुबईला पाठवलेली पोरं खरोखर तिथे कामाला होती, पगार घरी येत होता. मग घरात संशय कुणाला येणार? व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली, टायपिंगचा वेग तपासला, शिक्क्याचं ऑफर लेटर आलं. कसली घाई नाही, कसला दबाव नाही. आईशीसुद्धा तो फोनवर अदबीने बोलायचा, ‘काकू, पोचला की लगेच फोन करायला लावतो’ म्हणायचा.

थायलंडला फिरायला जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नव्हता. सगळा डाव त्यावर होता. एजंटने परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पाहायच्या ठिकाणांची यादी हातात दिली. समोर बसवून पाठ करून घेतलं : कुठे चाललास, कशासाठी, कधी परत येणार. मी विचारलं, वर्क व्हिसाचं काय? तर म्हणे, तिकडे गेल्यावर कंपनी करते, सगळ्यांचं असंच असतं. हॉटेलचं ते बुकिंग मी विमानात असतानाच रद्द झालं होतं. तो मेल मी कितीतरी महिन्यांनी, फोन परत मिळाल्यावर पाहिला.

बँकॉकच्या विमानतळाबाहेर ड्रायव्हर माझाच फोटो मोबाइलवर घेऊन उभा होता. ऑफिस शहराबाहेर आहे, एवढंच कळलं. वाटेत गाड्या बदलल्या, ड्रायव्हर बदलले, आणि नव्या ड्रायव्हरला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. रात्री थायलंडच्या सीमेवरच्या माए सोत गावाजवळ मोएई नदीच्या काठावर उतरवलं. ती नदी अगदी अरुंद आहे. छोट्या होडीतून पलीकडे नेलं, तिथे बंदूकधारी उभे होते. ते म्यानमारमधलं म्यावाडी होतं. देश बदलला तरी पासपोर्टवर शिक्का नाही, म्हणजे त्या क्षणापासून मी तिथे बेकायदा. आणि पासपोर्ट ‘व्हिसासाठी’ म्हणून काढून घेतला तो घेतलाच.

ऑफिस म्हणजे एक बंदिस्त वसाहत होती : उंच भिंती, वर काटेरी तारा, आत हॉस्टेल, कॅन्टीन, दुकान सगळं. प्रत्येकाच्या टेबलावर ओळीने मोबाइल, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून एका बाईचं खोटं नाव लिहिलेलं. फोटो कुणा दुसरीचेच. समोर कॉम्प्युटरवर तक्ता : समोरचा माणूस कुठल्या देशातला, घटस्फोट झालाय का, मुलं किती, कुत्र्याचं नाव काय. पहिले काही दिवस पैशाचं नावही काढायचं नाही, कुत्र्याची चौकशी करायची. विश्वास बसला की क्रिप्टोच्या बनावट ॲपवर गुंतवणूक करायला लावायचं. रात्रभर काम, कारण ते देश तेव्हा जागे असतात. टार्गेट चुकलं की दंड, मग उठाबशा, मग अंधारी खोली, आणि काहींना विजेचे झटके. त्या चॅटच्या पलीकडे जी माणसं आयुष्याची पुंजी घालवून बसली, तीही याच धंद्याची शिकार. त्यांचा विचार मनातून जात नाही.

घरी सोडा म्हटलं की उत्तर ठरलेलं : आम्ही तुझे पैसे मोजलेत, ते भर आणि जा. म्हणजे एजंटने मला विकलं होतं. या शब्दाला मी पर्याय शोधणार नाही.

मी एकटा नव्हतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा कामात अडकवले गेले असावेत असा अंदाज आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तर थायलंडमधल्या अशा बनावट आयटी नोकऱ्यांबद्दल सप्टेंबर २०२२ मध्येच सूचना काढली होती, त्यात म्यानमारचं नाव होतं. ती सूचना आमच्या तालुक्याच्या कॉलेजात, बसस्टँडवर, ग्रामपंचायतीत कुठेही लागलेली मी पाहिली नाही. याचा मला आजही राग येतो. एजंट गावापर्यंत येतो, सरकारचा इशारा वेबसाइटवर राहतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने सीमेपलीकडची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडलं, आणि त्यानंतर हजारो लोक त्या वसाहतींतून बाहेर निघाले. १० आणि ११ मार्चला हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून आधी २८३ आणि मग २६६ भारतीयांना परत आणलं. मी त्यांच्यातला एक.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परत आल्यावर नातेवाइकांपासून तक्रार घेणाऱ्या हवालदारापर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, ‘पण तू स्वतःहून गेलास ना?’ माझ्याबरोबर आलेल्या कित्येकांनी या एका प्रश्नापायी तक्रारच केली नाही. लाज वाटते, बहिणीचं लग्न ठरायचंय, लोक काय म्हणतील. एजंटचा धंदा या गप्प बसण्यावर चालतो. कायदा मात्र या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार फसवून, धमकावून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी माणूस मिळवणं, नेणं, ठेवून घेणं ही मानवी तस्करी आहे, आणि तस्करी ठरवताना पीडिताची संमती गैरलागू आहे. सही केली, पैसे दिले, हसत विमानात बसला, काही फरक पडत नाही. शिक्षा किमान ७ वर्षं सक्तमजुरी, एकाहून जास्त माणसांची तस्करी केली असेल तर किमान १०. १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला जुन्या दंडविधानाचं कलम ३७० लागतं. ठाण्यात नुसतं ‘फसवणूक’ म्हणून लिहून घेत असतील तर तस्करीचं कलम लावा असं ठामपणे म्हणा. पोलिसांत मानवी तस्करीविरोधी कक्ष असतो, तिकडे जा. २०१९ पासून राष्ट्रीय तपास यंत्रणेलाही या गुन्ह्याचा तपास करता येतो. तक्रारीचं काही होत नाही असं म्हणू नका : एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर पोलीस विभागाने म्यानमारमधून ६० हून अधिक भारतीयांना सोडवलं आणि एजंटांना अटकही केली.

जायच्या आधी तपासायचं फार थोडं आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचा नंबर टाकून बघा. नोंदणीकृत एजंटलाही ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. ‘वरच्या ऑफिसचं लायसन आहे, मी त्यांचा माणूस’ असं कुणी म्हणालं तर त्या ऑफिसला स्वतः फोन करा, त्याने दिलेल्या नंबरवर नको. कामाचा व्हिसा हातात पडल्याशिवाय विमानात बसू नका.

आणि घरच्यांसाठी. मुलगा पोचल्यावर मोजकंच बोलायला लागला, व्हिडिओ कॉल टाळायला लागला, तर ‘कामात असेल’ म्हणून सोडून देऊ नका. पैसे मागणारा फोन आला तर आधी पोलिसांत जा आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाला मेल करा. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या पोराच्या वडिलांनी जमीन गहाण टाकून मागतील तेवढे पैसे भरले. त्याला सोडलं नाही, पुढच्या वसाहतीत विकलं. पासपोर्टची प्रत, शेवटचं लोकेशन, एजंटशी झालेलं सगळं चॅट आणि पैसे भरल्याच्या पावत्या एकत्र ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर १८०० ११ ३०९० आहे. एजंट ‘चॅट डिलीट करा, नाहीतर पोराला त्रास होईल’ असं म्हणेल. माझ्या घरच्यांना म्हणाला होता. भावाने स्क्रीनशॉट काढून ठेवले म्हणून आज गुन्ह्याच्या कागदांत त्याचं नाव आहे.